अथनासियस, म्हणजे अमर

आमच्या खेडोपाडींच्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याचा रविवार जवळ आला, म्हणजे उपदेशकाच्या दारीं एक प्रश्न ठरलेला असतो: लेंकराचें नांव काय ठेवावें? कोणास शास्त्रांतील नांव हवें असतें, कोणास आजोबांचें नांव सोडवत नाहीं, आणि कोणी विचारतो कीं, नांवानें असें काय व्हावयाचें आहे? हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. ज्या घरांत मुलें जगत नसत, त्या घरांत पुढच्या मुलास दगडू, धोंडू, केरू अशीं नांवें देण्याची चाल आपल्या देशांत फार जुनी आहे, हें वाचकांस सांगावयास नको. गोड नांव ठेविलें तर मृत्यूची दृष्टि लेंकरावर जाईल, म्हणून टाकाऊ वस्तूचें नांव देऊन त्यास लपवावयाचें, असा त्या आईबापांचा हेतु असे. अशा नांवास कोणीं हसूं नये. त्याच्यामागें रिकामा झालेला पाळणा आहे.

आज आम्ही ज्या मनुष्याचें चरित्र सांगणार आहों, त्याचें नांव मृत्यूपासून लपणारें नव्हतें. तें मृत्यूस तोंडावर नाहीं म्हणणारें होतें. ग्रीक भाषेंत मृत्यूस थानातोस म्हणतात. आपल्या भाषेंत शब्दाच्या आरंभीं अ लाविला असतां जसा नकार होतो, तसाच तो ग्रीक भाषेंतहि होतो. म्हणून अथानातोस म्हणजे ज्यास मृत्यु नाहीं असा, अमर. आणि त्यावरून अथानासिओस हें पुरुषाचें नांव झालें. लाटिन भाषेनें त्याचें अथनासियस केलें, व तेंच रूप आम्हीं येथें घेतलें आहे. ह्याच अर्थाचें दुसरें एक ग्रीक नांव अंब्रोसिओस हें आहे. त्याचें मूळ व आपल्या अमृत शब्दाचें मूळ एकच. मिलान शहराचा प्रसिद्ध बिशप अंब्रोझ ह्याचें नांव तेंच होय. उलट अनास्तासिओस हें नांव कानास जवळचें वाटलें, तरी तें निराळें आहे. त्याचा संबंध पुनरुत्थानाशीं आहे. ह्या दोहोंची गल्लत पुष्कळांकडून होते.

प्राचीन ग्रीक लोक अमर हा शब्द आपल्या देवांस लावीत. देव तेवढे अमर, माणसें तेवढीं मर्त्य, आणि ह्या दोहोंमधली भिंत कायमची, अशी त्यांची समजूत होती. पौलाच्या नांवानें असलेल्या पत्रांत अमरपण ह्या अर्थाचा हाच ग्रीक शब्द, अथानासिया, तीन वेळां आला आहे. तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ६ व्या अध्यायांत तो एका देवाचाच गुण म्हणून सांगितला आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायांत तो दोनदां आला आहे, व तेथें मर्त्य मनुष्यानें तें अमरपण वस्त्राप्रमाणें परिधान करावयाचें आहे असें शिकविलें आहे. वाचकांनीं हीं दोन स्थळें शेजारीं ठेवून पाहावीं. जें केवळ देवाचें आहे, तें मातीच्या मनुष्यास मिळणार कसें? देणारा कोण, आणि त्याच्याजवळ तें स्वतःचें आहे काय? अथनासियसाचें सारें आयुष्य ह्या एका प्रश्नाच्या उत्तरांत खर्चीं पडलें.

त्याचा जन्म मिसर देशांतील अलेक्झांड्रिया शहरीं इ. स. २९६ ते २९८ च्या सुमारास झाला. हें मोठें बंदर होतें. नाईल नदीच्या कांठीं पिकलेला गहूं येथूनच गलबतांत भरून समुद्रापार जाई. शहरांत ग्रीक, यहूदी व मिसरी लोक दाटीनें राहत, आणि नाना मतांचे पंडित तेथें वाद करीत. अथनासियस पांचसहा वर्षांचा असतां, इ. स. ३०३ मध्यें, बादशहा डायोक्लेशियन ह्यानें ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ सुरू केला. उपासनामंदिरें पाडलीं गेलीं, शास्त्राच्या प्रती जाळल्या गेल्या, आणि अलेक्झांड्रियाचा बिशप पेत्र ह्यास इ. स. ३११ मध्यें ठार मारण्यांत आलें. ज्या वयांत आपलीं मुलें विटीदांडू खेळतात, त्या वयांत ह्या मुलानें आपल्या मंडळींतील माणसें मारलीं जातांना पाहिलीं वा ऐकलीं असतील. अमर हें नांव त्याच्या कानांवर रोज पडे, आणि त्याच कानांवर मृत्यूची वार्ताहि रोज येई.

जुना इतिहासकार रुफिनस त्याच्या बाळपणची एक गोष्ट सांगतो. पुढील बिशप अलेक्झांडर हा एकदां समुद्रकिनाऱ्याकडे पाहत असतां कांहीं मुलें वाळूवर बाप्तिस्म्याचा खेळ खेळतांना त्यास दिसलीं. त्यांतील एक मुलगा बिशप झाला होता व तो इतरांस रीतीप्रमाणें पाण्यांत उतरवीत होता. बिशपानें मुलांस बोलावून विचारपूस केली, आणि त्या लहान बिशपास, म्हणजे अथनासियसास, शिक्षणासाठीं आपल्या देखरेखीखालीं घेतलें. ही गोष्ट जशीच्या तशी घडली असो वा नसो, अलेक्झांडराच्या घरीं तो वाढला, दीकन झाला व त्याचा लेखक म्हणून काम करूं लागला, हें निश्चित आहे.

ह्याच शहरांत आरियस नांवाचा एक वडील सेवक बाउकालिस येथील मंडळीचें काम पाहत असे. तो साध्या राहणीचा व गोड वाणीचा असून लोकांस प्रिय होता. त्यानें असें शिकविण्यास आरंभ केला कीं, पुत्र हा सर्व सृष्टीहून श्रेष्ठ खरा, परंतु तोहि निर्माण केलेलाच; तो नव्हता असा एक काळ होता. आपलें मत त्यानें गाण्यांत घातलें, आणि खलाशी, दळणारे व वाटसरू ह्यांच्या तोंडीं तीं गाणीं बसलीं, असें सांगतात. आमच्या उपदेशक बंधूंनीं ह्याची नोंद घ्यावी. खेड्यांत जें गाइलें जातें तेंच मनांत राहतें. म्हणून मंडळींत कोणतें पद शिकवावें, ह्याचा विचार व्याख्यानाइतक्याच काळजीनें करावयास हवा.

वाद इतका वाढला कीं, बादशहा कॉन्स्टंटाइन ह्यानें इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथें सर्व बिशपांची परिषद बोलाविली. हें स्थळ आज तुर्कस्थानांत आहे. सुमारें ३०० बिशप जमले. त्यांत छळाच्या दिवसांत डोळा गमावलेले व लंगडे झालेले पुरुषहि होते, असें जुने इतिहासकार लिहितात. पुत्र पित्याशीं एकाच तत्त्वाचा आहे, असें परिषदेनें आपल्या मतांगीकारांत घातलें, व आरियसास हद्दपार करण्यांत आलें. अथनासियस त्या वेळीं तिशीच्या आंतला दीकन होता. त्यास मत देण्याचा अधिकार नव्हता. तो आपल्या बिशपाबरोबर गेला होता. परंतु जें इतरांनीं तेथें सही करून संपविलें, तें त्यास पुढें जन्मभर निभवावें लागलें.

इ. स. ३२८ मध्यें अलेक्झांडर वारला, आणि त्याच वर्षीं ८ जून रोजीं अथनासियस बिशप झाला. त्याचें वय अजून पुरें भरलें नाहीं, असा आक्षेप त्याच्या विरोधकांनीं घेतला. आरंभींच्या वर्षांत तो नाईलच्या वरच्या प्रदेशांत फिरला, खेड्यांतील मंडळ्यांस भेटला, वाळवंटांतील संन्यस्त ख्रिस्ती बांधवांशीं त्यानें स्नेह जोडला. फ्रुमेंटियस नांवाच्या मनुष्यास त्यानें बिशप करून आक्सूमास, म्हणजे हल्लींच्या इथियोपियांत, पाठविलें, आणि तेथील मंडळीचा पाया घातला गेला. दरवर्षीं पुनरुत्थानाच्या सणाची तारीख कळविण्यासाठीं अलेक्झांड्रियाचा बिशप मिसरांतील सर्व मंडळ्यांस एक पत्र पाठवी. अथनासियसानें ह्या पत्रांत तारखेबरोबर उपदेशहि घातला. इ. स. ३६७ च्या पत्रांत त्यानें शास्त्रांतील पुस्तकांची यादी दिली. आपल्या हातीं असलेल्या नव्या करारांत जीं २७ पुस्तकें आहेत, नेमकीं तींच, एकहि कमी वा अधिक नाहीं, अशी आज उपलब्ध असलेली पहिली यादी हीच होय.

परंतु हें पत्र लिहीपर्यंत त्याच्यावर काय काय गुदरलें होतें, तें ऐकावें. बादशहाचें मन पालटलें होतें. मंडळींत शांतता हवी, म्हणून आरियसास परत घ्यावें, असा हुकूम आला. अथनासियसानें तो मानिला नाहीं. तेव्हां त्याच्यावर खटले उभे राहिले. त्यानें आर्सेनियस नांवाच्या बिशपास मारून त्याचा हात जादूटोण्यासाठीं तोडून घेतला, असा आरोप आला, आणि पुराव्यादाखल एक वाळलेला हात लोकांस दाखविण्यांत आला. इ. स. ३३५ मध्यें सोर शहरीं ह्याची चौकशी झाली. जुने इतिहासकार सांगतात कीं, अथनासियसानें झगा पांघरलेला एक मनुष्य सभेंत आणिला. त्याचें तोंड उघडलें, तों तो जिवंत आर्सेनियस! मग त्यानें झग्याचा एक पदर उचलून एक हात दाखविला, थोडें थांबून दुसरा पदर उचलून दुसरा हात दाखविला, आणि तिसरा हात देवानें मनुष्यास कोठें दिला आहे, असें सभेस विचारिलें. तरीहि सभेनें त्यास दोषीच ठरविलें. तो तडक राजधानीस गेला व रस्त्यांत बादशहाच्या घोड्यापुढें उभा राहून न्याय मागूं लागला. तेव्हां शत्रूंनीं नवा आरोप काढिला कीं, हा मिसरांतून येणारा गहूं अडवून धरण्याची धमकी देतो. राजधानीच्या भाकरीचा प्रश्न निघतांच बादशहानें त्यास दूर गॉल देशांत, हल्लीं जर्मनींत असलेल्या ट्रीअर शहरीं, हद्दपार केलें.

ही पहिली हद्दपारी. इ. स. ३३७ मध्यें कॉन्स्टंटाइन वारला व अथनासियस परतला. इ. स. ३३९ मध्यें कॉन्स्टंटाइनाचा मुलगा कॉन्स्टन्शियस ह्याच्या अंमलांत त्यास पुन्हां निघावें लागलें, आणि ३४६ पर्यंत तो रोम व पश्चिमेकडील इतर स्थळीं राहिला. तो परत आला तेव्हां शहराबाहेर दूरवर लोकांची गर्दी त्यास सामोरी आली. पुढचीं दहा वर्षें बरीच शांततेचीं गेलीं. मग इ. स. ३५६ च्या फेब्रुवारींत एके रात्रीं थेओनास ह्याच्या नांवाच्या मंदिरांत मंडळी जागरणाच्या प्रार्थनेस जमली असतां शिपायांनीं मंदिरास वेढा घातला. अथनासियस आपल्या आसनावरून उठला नाहीं. त्यानें दीकनास १३६ वें स्तोत्र वाचावयास सांगितलें, व प्रत्येक ओळीनंतर देवाच्या निरंतर दयेचें ध्रुपद लोकांनीं म्हणावें असें ठरविलें. दारें फुटलीं, तरवारी उपसल्या गेल्या, कित्येक लोक तुडविले गेले. सर्व लोक बाहेर पडल्यावांचून आपण निघणार नाहीं, असा त्याचा हट्ट होता. शेवटीं सोबत्यांनीं त्यास ओढून अंधारांतून बाहेर नेलें.

त्यानंतर सहा वर्षें तो कोणास सांपडला नाहीं. वाळवंटांतील मठांत, खेड्यांत, कधीं शहरांतहि, तो लपून राहिला. त्याच्या शोधार्थ शिपाई फिरत. परंतु त्या गरीब लोकांनीं आपल्या बिशपास कधीं दाखवून दिलें नाहीं. एकटा अथनासियस साऱ्या जगाविरुद्ध उभा राहिला, असें पुढें म्हणीसारखें बोललें जाऊं लागलें. तें मोठें वाक्य आहे, पण आम्हांस तें पुरें खरें वाटत नाहीं. ज्यानें त्यास भाकर दिली, ज्यानें नांवेंतून पार नेलें, ज्यानें शिपायांपुढें तोंड मिटून घेतलें, त्या शेतकऱ्यांचीं, नावाड्यांचीं व संन्याशांचीं नांवें कोणत्याहि इतिहासांत नाहींत. त्यांच्यावांचून हें चरित्र ३५६ सालींच संपलें असतें.

ह्या लपण्याच्या काळांत त्यानें लेखणी खालीं ठेविली नाहीं. पवित्र आत्म्याच्या देवत्वाविषयीं त्यानें पत्रें लिहिलीं, आपल्या पलायनाचें समर्थन लिहिलें, आणि वाळवंटांतील वृद्ध संन्यासी अंतोनी नुकताच वारला होता त्याचें चरित्र लिहिलें. त्या चरित्राचें लाटिन भाषांतर पश्चिमेंत पसरलें. इ. स. ३८६ मध्यें मिलान शहरीं ऑगस्टीन नांवाच्या अस्वस्थ शिक्षकानें त्या अंतोनीची व तें चरित्र वाचून पालटलेल्या माणसांची हकीकत ऐकिली, आणि त्याच्या जीवनास वळण लागलें. पाठलाग चुकवीत फिरणाऱ्या मनुष्यानें लिहिलेलें पुस्तक कोठें जाऊन पोंचेल, ह्याची कल्पना लिहिणारास असते काय?

इ. स. ३६२ मध्यें तो परतला, परंतु आठ महिन्यांतच जुन्या देवांचा अभिमानी बादशहा ज्युलियन ह्यानें त्यास घालवून दिलें. कित्येक कुलीन ग्रीक स्त्रियांस त्यानें बाप्तिस्मा दिला, ह्याचा ज्युलियनास विशेष राग होता. त्या वेळची गोष्ट अशी सांगतात कीं, अथनासियस नांवेंतून नाईलवर जात असतां पाठीमागून शिपायांची नांव आली. त्यानें आपली नांव उलट फिरवून सरळ त्यांच्याकडे नेण्यास सांगितलें. शिपायांनीं अथनासियस कोठें दिसला काय, म्हणून विचारिलें, आणि तो फार दूर नाहीं असें उत्तर मिळतांच ते जोरानें पुढें निघून गेले. इ. स. ३६३ मध्यें ज्युलियन लढाईंत मारला गेला. पुढें ३६५ मध्यें बादशहा व्हॅलेन्स ह्यानें त्यास पांचव्यांदां घालविलें. तेव्हां तो चार महिने आपल्या कुळाच्या थडग्यांत लपला होता, असें एक जुना इतिहासकार लिहितो. अमर नांवाचा मनुष्य, आणि निवाऱ्यास थडगें! फेब्रुवारी ३६६ मध्यें त्यास परत येण्याची मोकळीक मिळाली. पंचेचाळीस वर्षांच्या सेवेंत पांच हद्दपाऱ्या व सुमारें १७ वर्षें बाहेर, असा हा हिशेब आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. त्यानें हें सर्व कशासाठीं सोसलें? पुष्कळांस वाटलें, व आजहि वाटतें, कीं हा शब्दांचा वाद होता. पुत्र पित्याशीं एकतत्त्व कीं पित्यासारख्या तत्त्वाचा, ह्या दोन ग्रीक शब्दांत तर एकाच अक्षराचें अंतर आहे. पंडितांच्या ह्या भांडणांत खेडवळ मनुष्याचा काय संबंध? अथनासियसाचें उत्तर त्याच्या देहधारणाविषयींच्या ग्रंथांत आहे, आणि तें त्याच्या नांवांतहि आहे. मनुष्य मरतो. अमरपण केवळ देवाजवळ आहे. जो स्वतःच निर्माण केलेला आहे, त्याच्याजवळ जें आहे तें उसनें आहे. आणि उसन्यावर जगणारा दुसऱ्याचें कर्ज फेडूं शकत नाहीं. ख्रिस्त कितीहि थोर प्राणी असला, तरी तो जर प्राणीच असेल, तर आपल्या मृत लेंकराच्या खांचेजवळ उभ्या असलेल्या आईस सांगावयास मंडळीजवळ कांहींच उरत नाहीं. परंतु जो अमर तोच जर मर्त्य देह घेऊन आला, आणि मृत्यूनें त्या देहास गिळूं पाहिलें, तर गिळतां गिळतां मृत्यूच फुटला. हा पंडितांचा प्रश्न नाहीं. हा पाळण्याचा व खांचेचा प्रश्न आहे. ज्यानें त्याचें मोल ओळखिलें, त्यास एका अक्षरासाठीं पांच वेळां घर सोडणें जड गेलें नाहीं.

मात्र येथें एक गोष्ट विसरूं नये. इ. स. ३६२ मध्यें परत आल्यावर त्यानें अलेक्झांड्रियांत एक लहान परिषद भरविली. देवांतील भेद व ऐक्य दाखविण्यासाठीं निरनिराळ्या मंडळ्या एकच ग्रीक शब्द निरनिराळ्या अर्थानें वापरीत, आणि त्यामुळें एकमेकांस पाखंडी समजत. परिषदेनें दोन्ही पक्षांस आपापला अर्थ सांगावयास लाविलें, व अर्थ एकच आहे असें दिसल्यावर शब्दांचा आग्रह सोडून दिला. एका शब्दासाठीं जन्मभर झगडलेला मनुष्य दुसऱ्या शब्दाविषयीं इतका मोकळा कसा? कारण त्याचें लक्ष अक्षरावर कधींच नव्हतें, अर्थावर होतें. अर्थ बुडत असेल तेथें त्यानें एक अक्षर सोडलें नाहीं. अर्थ शाबूत असेल तेथें त्यानें शब्द सोडून दिला.

तो निर्दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्याची लेखणी कडक होती, आणि विरोधकांविषयीं बोलतांना ती नेहमीं न्यायानें चालली असें नाहीं. मेलेतियसाच्या पक्षाच्या ख्रिस्ती लोकांशीं त्याचें वितुष्ट होतें. त्या पक्षांतील एका मनुष्याचें पपायरसावरील पत्र १९२४ सालीं छापून प्रसिद्ध झालें. त्यांत अथनासियसाच्या बाजूच्या लोकांनीं आपल्यास मारहाण केल्याची तक्रार आहे. सत्याच्या बाजूस उभा असलेला मनुष्यहि सत्याच्या रीतीनें वागेलच, असें नाहीं. मंडळ्यांतील आमच्या तंट्यांत हें आम्हीं स्मरावें. तसेंच, त्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेला अथनासियसाचा मतांगीकार त्यानें लिहिलेला नाहीं. तो मूळ लाटिन असून पुढच्या काळांतील आहे.

इ. स. ३७३ च्या मे महिन्याच्या २ तारखेस तो आपल्या शहरांत, आपल्या लोकांत, शांतपणें वारला. इ. स. ३८१ मध्यें कॉन्स्टंटिनोपल येथील परिषदेनें नायसियाचा विश्वास कायम केला. तें पाहावयास तो राहिला नव्हता.

त्याचें नांव मात्र राहिलें व देशोदेशीं फिरलें. ग्रीस देशांत आजहि अथानासिओस हें नांव ठेवितात, आणि घरांत लाडानें थानासिस, थानोस किंवा नासोस म्हणतात. रशियांत थ चा फ होऊन अफनासी झालें. युक्रेनांत तेंच पानास झालें. बल्गेरियांत अतानास, रुमानियांत अतानासिये व तनासे, इटलींत व स्पेनांत अतानासिओ, फ्रान्सांत अतानास. मुलीचें नांव अथानासिया, म्हणजे पौलानें वापरिलेला तोच शब्द. आपल्या देशांतहि तें आलें: केरळांतील मलंकारा मंडळींत सुधारणेच्या बाजूनें झटलेले मॅथ्यूज मार अथनासियस (मृत्यु १८७७) ह्यांस १८४२ मध्यें बिशपपदाबरोबर हेंच नांव मिळालें होतें. इतक्या भाषांनीं त्या शब्दाचें शेंडीशेपूट कापलें, अक्षरें बदललीं, तरी अर्थ कोठें हरवला नाहीं. अमर तो अमरच.

म्हणून बाप्तिस्म्याच्या वेळीं जो बाप नांव विचारावयास येतो, त्यास आमच्या उपदेशकांनीं घाबरवूं नये. परदेशी नांव घेतल्यानें कोणी अधिक ख्रिस्ती होत नाहीं. पौलाच्या सोबत्यांत फिबी व हर्मेस अशीं ग्रीकांच्या देवदेवतांचीं नांवें असलेलीं माणसें होतीं, आणि रोमकरांच्या पत्रांत त्यांचा त्याच नांवांनीं उल्लेख आला आहे. आपले कवि नारायण वामन टिळक ह्यांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला. ते नारायणच राहिले. दगडू हें नांव बदलावेंसें वाटलें तर खुशाल बदलावें, ठेवावेंसें वाटलें तर ठेवावें. परंतु एक गोष्ट त्या आईबापांस अवश्य सांगावी: ज्या भयानें तें नांव ठेविलें जात होतें, तें भय आतां ठेवूं नका. तुमच्या लेंकरास मृत्यूपासून लपविण्याचें कारण उरलें नाहीं. आजार येईल, औषध करावें लागेल, आणि कधीं रडावेंहि लागेल. परंतु ज्याच्या नांवानें त्यास पाणी लाविलें, त्याच्याजवळचें अमरपण उसनें नाहीं. हें खरें आहे असें म्हणून एका मनुष्यानें सतरा वर्षें घराबाहेर काढिलीं. आपल्या मंडळींत त्याचें नांव कोणास असो वा नसो, त्या नांवाचा अर्थ प्रत्येक घरीं पोंचविणें हें आपलें काम आहे.